नेसतं पातळ

शुभाची रजा संपत आली होती, आणि उत्तरा अजून दुसऱ्या कुणाच्या हातून दूध पीत नव्हती.

एरवी पोर गुणी. पाच महिन्यांची, गुटगुटीत, कुणीही हात पुढे केले की झेपावणारी. शेजारच्या क्षमाच्या खांद्यावर तासन् तास खेळायची. पण वाटी-चमचा शुभाच्या हातात नसला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. आग्रह केला तर मान फिरवायची, आणखी केला तर पाठ ताठ करायची, आणि मग असा सूर लावायची की खालच्या मजल्यावरची माणसं वर येऊन काय झालं म्हणून विचारून जायची. तेच दूध, तीच वाटी शुभाने हातात घेतली की दोन हुंदके देऊन निमूट संपवायची.

सोमवारी शुभाला कामावर हजर व्हायचं होतं. मरोळच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीची प्रयोगशाळा होती, बी.एस्सी. झाल्याबरोबर ती तिथे लागली आणि रमली. काचेच्या नळ्या, उकळती भांडी, लेबलं लावून ओळीत ठेवलेले नमुने. तिथे सगळं जिथल्या तिथे असायचं आणि शुभालाही तसंच लागायचं. हक्काची रजा संपली, बिनपगारी रजाही वाढवून झाली. साहेबांचा निरोप आला होता की आता या, नाहीतर तसं कळवा, दुसरी मुलगी बघतो. राजीनाम्याचा शब्द तिने घरात अजून काढला नव्हता. पण दुपटी वाळत घालताना, भाजी निवडताना तो तिच्याबरोबरच असायचा.

तिच्या सासूबाई, सुगंधाबाई, नातीसाठी म्हणून मुद्दाम कुडाळहून आल्या होत्या. उभा जन्म लालबागच्या चाळीत काढलेली बाई. नवरा गेल्यावर गावच्या घरी जाऊन राहिली होती. चाळीची एक सवय मात्र सुटली नव्हती. दिवसभर घराचं दार उघडं. दार लावून बसलेल्या घरात कुणीतरी आजारी असणार नाहीतर भांडण तरी चालू असणार, असं त्यांचं ठाम मत होतं. शुभाला इमारतीतल्या उघड्या दाराची धास्ती वाटायची, पण तिने कधी बोलून दाखवलं नाही. तसं त्यांनीही शुभाच्या गाऊनबद्दल फारसं बोलून दाखवलं नव्हतं. बाळाला पाजायला सोपा म्हणून क्षमाच्या सांगण्यावरून शुभाने एक फुलाफुलांचा गाऊन घेतला होता. सुगंधाबाईंनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की हा झगा घालून दारात जाऊ नको. तेव्हापासून शुभा तो रात्रीपुरताच घालायची आणि सकाळी अंघोळीच्या वेळी मोरीच्या दारामागच्या खिळ्यावर टांगून साडी नेसूनच बाहेर यायची.

दोघी एकमेकींशी फार जपून वागत होत्या. त्या जपून वागण्याचाच शुभाला कधीकधी शीण यायचा.

फिरायला जायची कल्पना शुभाच्या नवऱ्याची, नंदकिशोरची. तो महापालिकेच्या जलखात्यात होता. त्याचं म्हणणं साधं होतं: शुभा स्वयंपाकघरात असेपर्यंत उत्तरा कशाला दुसऱ्याकडून पिईल? तिला पक्कं ठाऊक असतं की थोडं रडलं की आई येते. तेव्हा रविवारी सकाळी शुभाने घरात असायचंच नाही. दोघांनी स्कूटरवरून लांब जायचं, दुधाच्या एका वेळी बाहेर राहायचं आणि आजीला पाजून बघू द्यायचं. प्यायली तर सोमवारी शुभा कामावर. नाही प्यायली तर मग बसून बोलू.

'नाही प्यायली तर' हे त्याने फार हळू म्हटलं. शुभाला तेवढंच ऐकू आलं.

स्कूटर नवीकोरी होती. तिचा नंबर लागायला इतकी वर्षं गेली होती की नोंदणी केली तेव्हा नंदकिशोरचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. लग्न ठरल्यावर मात्र त्याने शुभाला कबूल केलं होतं की स्कूटर आली की तो तिला बसच्या रस्त्याला न लागता मरोळहून मुलुंडपर्यंत नेऊन दाखवेल. आरेतून, पवईवरून, विहारच्या काठाने, पाइपलाइनच्या कडेच्या वाटांनी. शहराला पाणी ज्या वाटांनी येतं त्या त्याला पाठ होत्या, आणि त्या वाटांवर माणूस दिसत नाही, याची त्याला मोठी ऐट होती.

रविवारी शुभा भल्या पहाटेपासून कामाला लागली. वाटी आणि चमचा उकळून झाकून ठेवले. पाळण्यातली दुपटी बदलली, उशीचा अभ्रा बदलला, गोधडीवर धुतलेली चादर घातली. घरातून जाताना सगळं स्वच्छ असावं, सासूबाईंना एकही गोष्ट शोधायला लागू नये, म्हणून ती हातासरशी सगळं आवरत होती. सुगंधाबाई मांडी घालून उत्तराला मांडीवर खेळवत होत्या. शुभा बाहेर जायची साडी काढायला कपाटाकडे वळली तशा त्या म्हणाल्या, "जाताना तुजां नेसतां पातळ ठेवन जा, गो."

शुभाच्या अंगावर घरातली सुती साडी होती. रात्रीचा गाऊन बदलून पहाटे नेसलेली. खांद्याशी दुधाचे डाग, पदराला उत्तराची लाळ. ते धुवायला ठेवून जा, असंच त्या म्हणत असणार. आल्यापासून घरातलं सगळं धुणं त्यांनी स्वतःकडे ओढून घेतलं होतं. परकर-पोलकी तेवढी शुभा कशीबशी लपवून स्वतः धुवायची. आज तर त्या एकट्या बाळाला सांभाळणार, आणि वर आपली ही आंबूस वासाची साडी त्यांनी धुवायची? शुभाचे कान तापले. साडी बदलली, मोरीत गेली, ती सुती साडी साबणाच्या पाण्यात बुचकळली, खसाखसा चोळली, दोनदा खळबळून पिळून गॅलरीतल्या दोरीवर टाकून आली. वर डेटॉलचे दोन थेंबही घातले होते, बाळाच्या तोंडाशी येतो पदर म्हणून.

सुगंधाबाईंनी दोरीकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं.

"बरां," त्या म्हणाल्या. आणि फडक्यात बांधलेला घावणांचा डबा नंदकिशोरच्या हातात दिला.

तो 'बरां' शुभाबरोबर स्कूटरवर बसला.

गल्ली सगळी टीव्हीपुढे होती. रविवारची मालिका चालू होती आणि प्रत्येक खिडकीतून तोच आवाज येत होता, त्यामुळे स्कूटर पुढे जात होती तरी एकही वाक्य तुटत नव्हतं. सुगंधाबाई दर रविवारी क्षमाकडे ही मालिका बघायला जायच्या, हात जोडून बसायच्या. आज गेल्या नव्हत्या. शुभाला तेही टोचलं.

"अहो, सावकाश," ती म्हणाली.

मरोळचं शेवटचं गॅरेज मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना झाडं आली तेव्हा ती म्हणाली, "अरे नंदू, खडी आहे बघ पुढे."

तो हसला. घरात अहो आणि बाहेर अरे, हे त्यांच्यात आपोआपच झालं होतं. सासूबाई आल्यापासून अरे म्हणायला जागाच उरली नव्हती.

आरेत शिरल्यावर हवाच बदलली. जानेवारीअखेरचे दिवस, सकाळी अजून बोचरं असायचं. गवत वाळून पिवळं झालेलं, मधूनच एखादी काटेसावर निष्पर्ण उभी आणि तिच्या टोकांना लाल फुलं. तबेल्यांवरून शेणाचा आणि ओल्या पेंडीचा ऊबदार वास यायचा आणि पुढच्या वळणावर निघून जायचा. रस्ता टेकाडावर चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. उतारावर नंदकिशोर इंजिन बंद करून स्कूटर नुसती सोडून द्यायचा. मग फक्त चाकांचा आवाज आणि पाखरं.

शुभा एका अंगाने बसली होती. एक हात त्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पदर, चाकात जाऊ नये म्हणून मुठीत धरलेला. सुरुवातीला तिला फक्त खड्डे दिसत होते. मग समोरून येणारा दुधाचा टेम्पो दिसला, तो जाईपर्यंत तिने श्वास धरून ठेवला. मग तिच्या मनात आलं, आत्ता उठली असेल. आत्ता इकडेतिकडे बघत असेल. तिने एकदा परत फिरू या का म्हणून विचारलं. पुढच्या वळणावर स्कूटर थांबवून नंदकिशोरने खाली हात केला. खाली झाडांच्या शेंड्यांवर धुकं तरंगत होतं आणि धुक्यापलीकडे, फार लांब, इमारतींची फिकट रांग होती.

"अंधेरी," तो म्हणाला. "आपलं घर त्यातच कुठेतरी."

इथून ते घर किती निवांत दिसत होतं. शुभा बघत राहिली. पुन्हा निघाल्यावर पवईच्या तलावाचं पाणी उजवीकडे चमकून गेलं, एक कोळी होडीत उभा राहून जाळं झटकत होता, आणि ते सगळं बघता बघता काही वेळ असा गेला की तिला उत्तराची आठवणच झाली नाही. वारा तोंडावर येत होता, केस सुटले होते, कॉलेजातलं काहीतरी ती गुणगुणत होती. मग एकदम तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. ती गप्प झाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा आपण तिला विसरलो, आणि तेही आजच, असं वाटून तिने नंदकिशोरच्या खांद्यावरची बोटं इतकी आवळली की त्याने वेग कमी केला.

विहारच्या फाटकावरच्या माणसाने नंदकिशोरला ओळखून सलाम केला आणि साखळी खाली टाकली. आतल्या रस्त्यावर पाचोळा पडला होता. बंधाऱ्यावर दोघं बसली. समोर पाणी, पाण्याला लागून रान, आणि माणसाचा मागमूस नाही. इथून पुढे भांडुपच्या अंगाने मुलुंड कसं गाठायचं ते नंदकिशोर हाताने हवेत रेषा काढून सांगत होता. शुभाने डबा उघडला. घावणे अजून मऊ होते, बाजूला ओल्या खोबऱ्याची चटणी. तिने एक नंदकिशोरच्या हातात दिला.

"आई रागावल्यात माझ्यावर," ती म्हणाली.

रागावलेली बाई पहाटे उठून घावणे कशाला घालेल, असं नंदकिशोरचं म्हणणं पडलं. शुभा म्हणाली, ते तुला दिले, तुझ्यासाठी घातले. मग तिने साडीचं सांगितलं. त्यांना आपली साडी धुवू द्यायला आपल्याला कसं मेल्याहून मेल्यासारखं वाटलं, म्हणून आपणच कशी घाईघाईने धुऊन टाकली, त्यांनी दोरीकडे कसं पाहिलं, आणि 'बरां' कसं म्हटलं. त्यांना वाटलं असणार, सून आपल्याला परकी समजते.

नंदकिशोर घावण खात ऐकत होता. त्याने विचारलं, "ती नेमकं काय म्हणाली? शब्द सांग."

"नेसतं पातळ ठेवून जा म्हणाल्या."

"नेसतं?"

"हो. नेसतं."

तो आधी हसायला लागला. मग हसता हसता थांबला, आणि हातातला घावण डब्यात ठेवून दिला.

"काय रे?"

"शुभा, ती धुवायला मागत नव्हती."

मग त्याने जे सांगितलं ते त्याने लग्नाच्या दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं काही आहे असंच त्याला कधी वाटलं नव्हतं. सुगंधाबाई गिरणीत होत्या हे शुभाला माहीत होतं. वाइंडिंग खात्यात, बाकीच्या बायकांबरोबर. नंदकिशोर तान्हा असताना त्या पाळीवर जायच्या आणि त्याला समोरच्या खोलीतल्या शेवंतीकाकीकडे ठेवायच्या. तो काकीच्या हातचं थेंबभर दूध घ्यायचा नाही. सगळी चाळ डोक्यावर घ्यायचा. शेवटी कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, पण सुगंधाबाई कामावर जाताना अंगावरचं लुगडं सोडून काकीकडे द्यायच्या, तसंच, न धुता. काकी ते नेसून बसायची. तोंडाशी चमचा आला की तो आधी पदरात नाक खुपसायचा आणि मग प्यायचा. पुढे चाळीत त्यावरून थट्टा व्हायची. मोठा झाला, शाळेत जायला लागला, तरी काकी दारात दिसली की बायका म्हणायच्या, काय गं शेवंते, आज नंदूचं नेसतं नाही का नेसलीस?

"नेसतं म्हणजे अंगावरून उतरवलेलं," तो म्हणाला. "आमच्या घरात त्या शब्दाला दुसरा अर्थच नाही. तिच्या मनातही आलं नसेल की तुला कळायचं नाही."

शुभा पाण्याकडे बघत होती. दुपटी, अभ्रा, चादर. एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढून गेली. तिने हाताने मोजूनमापून घरातून स्वतःला पुसून काढलं होतं. आणि वर डेटॉल.

"त्यांनी सांगितलं का नाही? मी धुताना म्हणायचं ना, की अगं धुऊ नकोस."

"तू धुऊन दोरीवर टाकल्यावर काय म्हणणार? तुला लाज वाटली ना, तशी तिलाही वाटली असेल. शिकलेली सून, लॅबमध्ये काम करते, तिला कसं सांगायचं की मला तुझी घामाची साडी नेसायचीय."

शुभा उठली. तिने डब्याचं झाकण लावलं. ती परत जाऊ या असं म्हणाली नाही. त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं, स्कूटर वाकडी करून किक मारली आणि तोंड परत मरोशीकडे, घराच्या बाजूला वळवलं. मुलुंडचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

परतीच्या वाटेवर उन्हं वर आली होती. शुभाच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता, आणि तो घड्याळाचा नव्हता. दुधाची वेळ होऊन गेली होती हे तिचं अंगच तिला सांगत होतं. छाती जड झाली होती, ठणकत होती. आरेच्या उतारावर नेमक्या म्हशी आडव्या आल्या. एका तबेल्यातून निघून पाण्याच्या हौदाकडे चाललेला आख्खा कळप, रस्ता भरून, कुणाला कसली घाई नसलेला. नंदकिशोरने भोंगा वाजवला. एक म्हैस थांबून त्याच्याकडे बघत राहिली. हाकणारा माणूस मागे कुठेतरी होता, तो बीडी ओढत सावकाश येत होता.

थांबण्यावाचून इलाज नव्हता. तेवढ्यात तबेल्याच्या आत बांधलेलं एक रेडकू ओरडलं. बारीक, चिरका आवाज. एकदा, दोनदा. आणि कळपातली एक म्हैस वळून उलट चालायला लागली.

शुभाला काही कळायच्या आत पान्हा फुटला. ब्लाउज भिजला, साडी भिजली, पदर ओढून घेतला तर तोही ओला झाला. ती उतरून भर रस्त्यात म्हशींच्या मधे तशीच उभी राहिली, दोन्ही हात छातीशी घट्ट धरून. तिला रडायला यायला लागलं आणि रडण्याचीही लाज वाटायला लागली. नंदकिशोरने स्कूटर स्टँडला लावली, अंगातला स्वेटर काढला आणि तिच्या डोक्यावरून लहान मुलाला घालावा तसा घातला. बाह्यांतून हात बाहेर काढायलाही त्यानेच मदत केली.

"ती प्यायली नसेल," शुभा म्हणाली. "इतका वेळ रडत असेल. नंदू, मी सोमवारी नाही जात."

"बरं."

"कायमचंच नाही. कळवून टाकते."

"बरं. आधी घरी तर जाऊ."

त्याने वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं. म्हशी संपल्या. तो पुन्हा स्कूटरवर बसला आणि या खेपेला शुभाने त्याला सावकाश म्हटलं नाही.

गल्लीत कुठलाही आवाज नव्हता. जिन्यात नव्हता. शुभा एका हाताने साडी वर धरून धावत वर गेली. रडं ऐकू येईल म्हणून तिने मन घट्ट केलं होतं. रडं नव्हतंच. आणि घराचं दार बंद होतं.

सासूबाई आल्यापासून एकदाही दिवसा बंद न झालेलं ते दार आतून कडी लावून बंद होतं. क्षमाच्या दाराकडे बघायचीही तिला भीती वाटली. कुठे नेलं असेल? डॉक्टरकडे? की आतच... तिने कडी वाजवली, तीही हळूच, जोरात वाजवायचा धीर होईना.

"कोण?" आतून सुगंधाबाईंचा आवाज आला, अगदी दबका.

"मी. शुभा."

आत काही हललं. मग आवाज दाराजवळ आला. "नंदू हा बरोबर?"

"हो, खाली स्कूटर लावतायत. आई, काय झालं? दार उघडा ना."

"तू एकटीच ये भितूर. तेका भायरच रवांदे."

कडी निघाली. दार वीतभर उघडलं, शुभा आत शिरली आणि दार तिच्या पाठीमागे लगेच लागलं.

सुगंधाबाईंनी गाऊन घातला होता. फुलाफुलांचा, शुभाचा, तोच. लुगड्यावरूनच चढवलेला, त्यामुळे कमरेशी निऱ्यांचा मोठा फुगा आला होता आणि गळ्यातून लुगड्याचा पदर वर आला होता. बाह्या कोपरापाशी अडकल्या होत्या. कपाळावर मोठं गोंदण, तोंडावर रागीट भाव, आणि खांद्यावर, गाऊनच्या गळ्याच्या चुण्यांत नाक खुपसून, तोंड अर्धवट उघडं टाकून उत्तरा गाढ झोपली होती. तिच्या हनुवटीवर दुधाचा ओघळ वाळला होता. खाली जमिनीवर वाटी होती. रिकामी.

शुभाने तोंडावर हात दाबला.

"हसा नको," सुगंधाबाई कुजबुजल्या. "चेडवाक जाग येतली."

शुभा हसत नव्हती. ती तिथेच, दाराला पाठ लावून खाली बसली. सुगंधाबाई उत्तराला थोपटत येरझाऱ्या घालत होत्या आणि थोपटण्याच्या ठेक्यातच सगळं सांगत होत्या. शुभा गेल्यावर काही वेळ बरी होती. मग भूक लागली आणि मग जो आकांत मांडला तो काही विचारू नये. दोरीवरची साडी अर्धओली काढून आणली, खांद्यावर टाकली. पोरीने हुंगली आणि आणखीनच भडकली. अभ्रा बघितला, चादर बघितली.

"सगळां धुवन टाकलंस. घरात तुजो वास म्हणान उराक नाय," त्या म्हणाल्या. मग गाऊनची बाही कोपरावरून ओढायचा प्रयत्न करत, शुभाकडे न बघता, म्हणाल्या, "मगे ह्यो मोरयेत दिसलो. काय करतंय? दार लावन घेतलंय आणि घातलंय."

"आई, मला कळलंच नाही. मला वाटलं, तुम्ही धुवायला मागताय."

सुगंधाबाई थांबल्या. त्यांनी पहिल्यांदा सुनेकडे नीट पाहिलं. विस्कटलेले केस, मुलाचा स्वेटर, त्याखालून दिसणारा ओला पदर. काय झालं असेल ते त्यांना सांगावं लागलं नाही. पाळीवरून घरी येताना कधीतरी त्याही तशाच आल्या असतील.

"गिरणीत आमी चिंधी बांदू," त्या म्हणाल्या. "दोन पदरी. सोमवारी बांदून जा."

बाहेरून दारावर टकटक झाली. नंदकिशोरचा आवाज आला, आईशी बोलताना येणारा, गावचा. "आये, मी भितूर येव काय?"

"रव जरा थयच," सुगंधाबाई दाराकडे तोंड करून म्हणाल्या. मग शुभाजवळ येऊन, उत्तराचं डोकं अलगद तिच्या खांद्यावर देत, त्यांनी दबक्या आवाजात बजावलं की हे नंदूला सांगायचं नाही. क्षमालाही नाही. कुणालाच नाही. शुभाने मान हलवली. मग दोघींनी मिळून तो गाऊन सुगंधाबाईंच्या डोक्यावरून काढला. एका हातात मूल असल्यामुळे शुभाला एकाच हाताने ओढावं लागत होतं, एक बाही अडकून बसली होती, आणि त्या खटपटीत सुगंधाबाईंनाच आधी हसू फुटलं. आवाज न करता, खांदे हलवत त्या हसत राहिल्या. बाहेर नंदकिशोर पुन्हा एकदा काय चाललंय म्हणून विचारून गेला.

कळवून टाकते म्हणाली होतीस त्याचं काय, असं त्याने जेवताना विचारलं. शुभाने आमटी वाढता वाढता सांगितलं की सोमवारी जाऊन तर बघते. उत्तरा प्यायली का, कशी प्यायली, हे त्याने खोदून विचारलं तेव्हा सासू-सुना एकमेकींकडे न बघता म्हणाल्या की भूक लागली, प्यायली.

सोमवारी सकाळी शुभा अंघोळीला गेली. गाऊन काढून तिने सवयीने बादलीकडे नेला, मग थांबून मोरीच्या दारामागच्या खिळ्यावर टांगला. खांद्याशी दुधाचा डाग होता, तो तसाच राहू दिला. साडी नेसली, आतून दोन पदरी फडकं बांधलं. उत्तराच्या पायांचे मुके घेतले. तोंडाशी जायचा धीर झाला नाही. सुगंधाबाई नेहमीप्रमाणे उघड्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या, आणि मांडीवर उत्तरा सुपातले दाणे धरायला बघत होती.

"येते, आई."

"ये."

शुभा जिना उतरायला लागली. मधल्या वळणावर तिचे पाय थांबले. वरून रडं ऐकू येईल, तर आपण परत वर जाऊ, हे तिला ठाऊक होतं. ती कठड्याला धरून उभी राहिली. वर सूप ठेवल्याचा आवाज आला. पावलं आली. मग दार लोटलं गेलं आणि आतून कडी लागली.

शुभाने पदर खोचला आणि उरलेला जिना उतरून ती रस्त्याला लागली.